टूच्या पुढे आयएनजी येतं, पण कोणत्या टूच्या?

घाटंजी तालुक्यातल्या एका गावाहून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून झालं आहे आणि गावातल्या अभ्यासिकेत बसून त्या सरळसेवा भरतीची तयारी करतात. पत्र थोडं आटोपून देत आहोत:

“इन्फिनिटिव्हची (टू आणि क्रियापद) एक आणि जेरंडची (आयएनजी लागलेलं क्रियापद) एक अशा दोन याद्या पाठ केल्या. घरी म्हणून पाहते तर सगळं येते, पेपरात मात्र गोंधळते. सराव परीक्षेत ‘आय लुक फॉरवर्ड टू’ होतं. मी ‘मीट’ला खूण केली, उत्तर ‘मीटिंग’ निघालं. टूच्या पुढे व्ही-वनच (क्रियापदाचं मूळ रूप) येते असं शाळेपासून शिकलो, मग हे काय? दुसरं म्हणजे, मनात वाक्य मराठीत येते. ‘वाचायला’, ‘करायला’ याचं टू करू की आयएनजी, तेच समजत नाही. आणि ‘स्टॉप’च्या पुढे तर दोन्ही बरोबर म्हणतात! सोबत माझी पाच वाक्यं आहेत, तपासून द्या.”

ताई, यादीत क्रियापद एकटं असतं, पेपरात ते वाक्यात येतं. ‘एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड’ अशी ओळ म्हणताना ‘अव्हॉइड’ आठवतो तो ‘फिनिश’च्या मागोमाग. पेपरात ‘फिनिश’ शेजारी नसतो. शिवाय आयएनजीचा फार मोठा भाग या याद्यांमध्ये येतच नाही, तो प्रेपोझिशनच्या (इन, ॲट, ऑफ अशा शब्दांच्या) पुढे येतो. तुमचा ‘लुक फॉरवर्ड टू’ तिथलाच आहे, म्हणून आधी तेच घेऊ. (इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत छापली आहेत. वहीत उतरवताना स्पेलिंग शब्दकोशात बघूनच लिहा, आयएनजी लावताना अक्षर दुप्पट होतं किंवा शेवटचा ई गळतो, तिथेही गुण जातात.)

इंग्रजीत टू दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हचा, त्याच्या पुढे व्ही-वन. तुम्ही शाळेत शिकलात तो हाच, आणि त्याच्यापुरतं ते शिकणं बरोबर आहे. दुसरा टू प्रेपोझिशन आहे, आपल्या ‘ला’ किंवा ‘कडे’च्या कामाचा. प्रेपोझिशनच्या पुढे नाम लागतं. तिथे क्रियापद बसवायचं तर त्याला आधी नाम करावं लागतं, आणि इंग्रजीत क्रियापदाचं नाम होतं आयएनजी लावून. फार जुन्या इंग्रजीत हे दोन्ही टू एकाच शब्दातून निघाले, म्हणून आजही दिसायला सारखे आहेत.

ओळखायचे कसे? टूच्या पुढचं क्रियापद बोटाने झाका आणि तिथे एखादं साधं नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द रिझल्ट’ हे वाक्य नीट होतं. म्हणजे हा टू प्रेपोझिशन, पुढे ‘मीटिंग’. आता ‘आय वॉन्ट टू द रिझल्ट’ म्हणून बघा. जमत नाही. म्हणजे हा इन्फिनिटिव्हचा टू, पुढे ‘सी’, ‘नो’, जे काय असेल ते व्ही-वन. ही खूण दोन ठिकाणी फसवते. गो, कम अशा जाण्यायेण्याच्या क्रियापदांपुढे टू आणि ठिकाणाचं नाव बसतंच, ‘आय वेंट टू द मार्केट’, पण म्हणून ‘वेंट टू बाइंग सीड्स’ होत नाही, ‘वेंट टू बाय सीड्स’च राहतं. आणि ‘ॲग्री’: ‘ही ॲग्रीड टू द प्लॅन’ चालतं, तरी क्रियापद आलं की ‘ॲग्रीड टू गो’. एवढे अपवाद लक्षात ठेवून खूण वापरा.

परीक्षेत वारंवार येणारे प्रेपोझिशनवाले टू थोडेच आहेत: लुक फॉरवर्ड टू, बी यूज्ड टू, गेट यूज्ड टू, अकस्टम्ड टू, ऑब्जेक्ट टू, ॲडिक्टेड टू, डिव्होटेड टू, कन्फेस टू, विथ अ व्ह्यू टू, इन ॲडिशन टू. शेवटून दुसरा म्हणजे ‘विथ अ व्ह्यू टू’ हा पेपर काढणाऱ्यांचा लाडका आहे, कारण त्याचा अर्थ ‘च्या हेतूने’ आणि हेतू म्हटलं की हात आपोआप व्ही-वनकडे जातो. ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग द रोड’ हेच बरोबर.

यातला ‘यूज्ड टू’ थोडा वेळ मागतो. ‘आय यूज्ड टू वर्क इन द फील्ड’ म्हणजे मी पूर्वी वावरात काम करायचे, आता करत नाही. इथे यूज्ड हेच क्रियापद आहे, मागे ॲम, इज, वॉज काही नाही, पुढे व्ही-वन. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द हीट’ म्हणजे मला उन्हात काम करायची सवय आहे. इथे यूज्ड हे विशेषण झालं, मागे ॲम आलं, आणि टू प्रेपोझिशन झाला. सवय अजून व्हायची असेल तर ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू वर्किंग’. तिसरी शक्यताही असते: ‘धिस डवरा इज यूज्ड टू रिमूव्ह वीड्स’. डवरा तण काढायला वापरतात, म्हणजे साधा पॅसिव्ह (कर्मणी), पुढे हेतूचा टू आणि व्ही-वन. त्यामुळे ‘इज यूज्ड टू’ दिसलं की डोळे मिटून आयएनजी लावू नका. कर्ता माणूस किंवा जनावर असेल तर बहुधा सवय, वस्तू असेल तर वापर.

टू सोडून बाकी प्रेपोझिशनचा नियम तर आणखी सरळ आहे: इन, ॲट, ऑफ, ऑन, फ्रॉम, बाय, विदाउट, बिफोर, आफ्टर, अबाउट, इन्स्टेड ऑफ, यांच्या लगेच पुढे क्रियापद आलं तर आयएनजी. याला अपवाद जवळजवळ नाहीत. बट आणि एक्सेप्ट हे दोघे कधीकधी व्ही-वन घेतात, ‘शी डिड नथिंग बट क्राय’, तेवढं सोडून द्या. ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘टायर्ड ऑफ वेटिंग’, ‘विदाउट ईटिंग’, ‘बाय सेलिंग सोयाबीन’, ‘प्रिव्हेंटेड अस फ्रॉम एंटरिंग’. मराठीत हीच वाक्यं ‘चित्र काढण्यात’, ‘वाट पाहण्याचा’, ‘न खाता’, ‘विकून’, ‘जाण्यापासून’ अशी पाच वेगवेगळ्या रूपांत येतात, इंग्रजीत मात्र सगळीकडे एकच आयएनजी. म्हणून मराठी रूपाकडे न बघता इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधी कोण बसलं आहे ते बघा.

आता ‘साठी’. मराठी माध्यमातल्या मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच असावी. ‘प्रवेश घेण्यासाठी यवतमाळला आले’ हे मनात असतं, साठी म्हणजे फॉर हे डोक्यात बसलेलं असतं, आणि मग ‘आय केम टू यवतमाळ फॉर टेक ॲडमिशन’ तयार होतं. कोणी टोकलं की त्याचं ‘फॉर टेकिंग’ करतात. ते प्रेपोझिशनच्या नियमात बसतं, तरी वाक्य खटकतंच. माणूस एखादं काम का करतो, हा हेतू सांगायचा असेल तर इंग्रजीत सरळ टू: ‘आय केम टू यवतमाळ टू टेक ॲडमिशन’. जोर द्यायचा तर ‘इन ऑर्डर टू टेक’. फॉर आणि आयएनजी दोन ठिकाणी शोभतात. एक, वस्तू कशाच्या कामाची आहे ते सांगताना: ‘धिस इज फॉर कटिंग ग्रास’. दोन, झालेल्या गोष्टीबद्दल आभार, शिक्षा, माफी सांगताना: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘ही वॉज फाइन्ड फॉर रायडिंग विदाउट अ हेल्मेट’. दंड झाला तेव्हा गाडी चालवून झालेली होती. हेतूत काम पुढे असतं, इथे मागे आहे.

हे पुढे-मागे जपून ठेवा, कारण तुमच्या ‘वाचायला’चा गुंता बराचसा त्यानेच सुटतो. आधी गुंता किती आहे ते बघा. ‘मला वाचायला आवडतं’ याचं ‘आय एन्जॉय रीडिंग’. ‘मी वाचायला शिकले’ याचं ‘आय लर्न्ड टू रीड’. ‘सरांनी वाचायला लावलं’ याचं ‘द टीचर मेड मी रीड’, ना टू ना आयएनजी. आणि ‘वाचायला सुरुवात केली’ याचं ‘आय स्टार्टेड टू रीड’ किंवा ‘स्टार्टेड रीडिंग’, काहीही. मराठीचं एकच रूप इंग्रजीत चार वाटांनी जातं. त्यामुळे ‘ायला’ म्हणजे टू, असं समीकरण कधीच मांडू नका. वाट ठरवतं ते इंग्रजी क्रियापद, मराठी प्रत्यय नाही.

इन्फिनिटिव्हचा टू बहुतेक वेळा पुढे बघतो, काम अजून व्हायचं असतं. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, एक्स्पेक्ट, ॲग्री, रिफ्यूज, ऑफर, थ्रेटन: इच्छा, बेत, वचन, नकार, धमकी, सगळी उद्याच्या कामाची. आयएनजी चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या कामाकडे बघतं. एन्जॉय, फिनिश, कीप, गिव्ह अप, मिस, ॲडमिट, डिनाय, प्रॅक्टिस. ‘वुई फिनिश्ड पिकिंग कॉटन’ म्हणताना कापूस वेचून झालेला असतो, ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ म्हणताना पैसे घेतल्याचा आरोप मागचा असतो. म्हणून ‘फिनिश्ड टू पिक’ आणि ‘डिनाइड टू टेक’ होत नाही. ‘मी यायला नकार दिला’ याला मात्र ‘डिनाय’ नको. तिथे ‘आय रिफ्यूज्ड टू कम’. नकार हा एक मराठी शब्द या दोघांमध्ये वाटला गेल्यामुळे ही अदलाबदल फार होते.

पण हा अंदाज आहे, कायदा नाही. तो कुठे मोडतो ते ठाऊक नसेल तर त्याच्या भरवशावर राहणं धोक्याचं. सजेस्ट, रेकमेंड, कन्सिडर, अव्हॉइड, पोस्टपोन, डिले, रिस्क, माइंड, इमॅजिन: यांतलं काम बहुधा झालेलं नसतं, तरी पुढे आयएनजीच. आठवायला सोपं जावं म्हणून असं समजा, की यात काम करण्याचा निर्धार नाही, कामाचा नुसता विचार चालला आहे, किंवा ते लांबणीवर तरी टाकलं आहे. उलट बाजूला मॅनेज, फेल, प्रिटेंड, सीम, लर्न, अफोर्ड. यातलं ‘ही मॅनेज्ड टू कॅच द बस’ म्हणजे बस मिळाली, काम झालं, तरी टू. पाठांतर करायचंच असेल तर हे पंधरा शब्द करा. बाकीच्यांना पुढे-मागेचा अंदाज पुरतो.

स्टॉपकडे येऊ. दोन्ही बरोबर, पण अर्थ वेगळे, आणि प्रश्नात अर्थ ओळखायची खूण दिलेली असते. ‘ही स्टॉप्ड ईटिंग खर्रा’ म्हणजे त्याने खर्रा सोडला. ‘ही स्टॉप्ड टू ईट खर्रा’ म्हणजे हातातलं काम किंवा गाडी थांबवली आणि खर्रा खाल्ला. पहिल्यात ‘खाणं’ थांबलं. दुसऱ्यात थांबलं दुसरंच काहीतरी आणि खाणं हा थांबण्याचा हेतू झाला, म्हणजे पुन्हा तोच हेतूचा टू. वाक्यात ‘डॉक्टर’, ‘लास्ट इयर’, ‘हेल्थ’ असं काही असेल तर आयएनजी घ्या. ‘ऑन द वे’, ‘फॉर टेन मिनिट्स’ असेल तर टू.

रिमेंबर, फरगेट आणि रिग्रेट यांच्यात पुढे-मागे अगदी चोख चालतं. ‘रिमेंबर टू स्विच ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर बंद करायची आठवण ठेव, काम पुढे. ‘आय रिमेंबर स्विचिंग ऑफ द मोटर’ म्हणजे बंद केल्याचं मला आठवतं, काम मागे. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करणाऱ्या घरात हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. ‘आय फरगॉट टू स्विच ऑफ’, विसरले, मोटर चालूच राहिली. ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग ताडोबा’, पाहिलेलं ताडोबा विसरणार नाही. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे कार्यालयाच्या पत्रातलं ठराविक वाक्य, वाईट बातमी आता पुढे येते आहे. ‘ही रिग्रेट्स सेलिंग द कॉटन अर्ली’, कापूस विकून मोकळा झाला आणि आता पस्तावतो. परीक्षेत रिग्रेटच्या पुढे इन्फॉर्म, से, टेल यांपैकी काही दिसलं तर टू, नाहीतर आयएनजी. ही खूण सहसा चुकत नाही.

ट्राय वेगळा. ‘आय ट्राइड टू स्टार्ट द मोटर’ म्हणजे सुरू करायची धडपड केली, बहुतेक झाली नाही. ‘आय ट्राइड चेंजिंग द फ्यूज’ म्हणजे फ्यूज बदलून पाहिला. बदलणं सोपं होतं, त्याने मोटर चालते का ते बघायचं होतं. मराठीत ‘करायचा प्रयत्न केला’ आणि ‘करून पाहिलं’ हा भेद आपल्याकडे आयता आहे: प्रयत्नाला टू, ‘करून पाहिलं’ला आयएनजी. इथे मराठी खरोखर मदत करते, घ्या तिची मदत.

गो ऑन आणि मीन झटपट. ‘वेंट ऑन टॉकिंग’, बोलतच राहिला. ‘वेंट ऑन टू बिकम अ कलेक्टर’, पुढे जाऊन कलेक्टर झाला. ‘आय मेंट टू कॉल यू’, फोन करायचं मनात होतं. ‘मिसिंग धिस बस मीन्स वेटिंग टिल इव्हनिंग’, ही एसटी चुकली म्हणजे संध्याकाळपर्यंत बसून राहणं आलं. बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू, लाइक, लव्ह, हेट यांच्या पुढे दोन्ही चालतात, त्यावर वेळ घालवू नका. फक्त क्रियापद आधीच आयएनजीत असेल तर लागोपाठ दुसरं आयएनजी टाळा: ‘इट इज बिगिनिंग टू रेन’. आणि ‘वुड लाइक’ असेल तर नेहमी टू.

मध्ये माणूस आला की काय? ‘मला वाटतं तू यावंस’ हे मनात ठेवून ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ लिहितात. इंग्रजीत ‘आय वॉन्ट यू टू कम’. आस्क, टेल, रिक्वेस्ट, ऑर्डर, फोर्स, टीच, वॉर्न हे सगळे याच साच्यात: माणूस, मग टू, मग व्ही-वन. नकार असेल तर नॉट टूच्या आधी, ‘टोल्ड मी नॉट टू गो’. अलाऊ आणि ॲडव्हाइज यांचं गमतीशीर आहे. माणूस असेल तर टू, नसेल तर आयएनजी: ‘दे डोन्ट अलाऊ अस टू पार्क हिअर’, पण ‘दे डोन्ट अलाऊ पार्किंग हिअर’. सजेस्ट मात्र माणूस घेतच नाही. ते पुढे तुमच्या वाक्यात बघू.

लेट आणि मेक यांच्यात माणूस येतो पण टू येत नाही. ‘लेट मी गो’, ‘मेड हिम सिट’. हेल्पला दोन्ही चालतं. पॅसिव्ह झाला की मेकचा टू परत येतो, ‘ही वॉज मेड टू सिट’. लेटचा असा पॅसिव्ह सहसा करत नाहीत, तिथे ‘वॉज अलाऊड टू’ वापरतात. सी आणि हिअर यांच्यात व्ही-वन म्हणजे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, आयएनजी म्हणजे चालू असताना नजरेला पडलं. ‘आय सॉ हिम क्रॉस द नाला’, नाला ओलांडून पलीकडे गेला. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द नाला’, ओलांडताना दिसला, पलीकडे पोचला की नाही ते वाक्य सांगत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण पेपरात येतं म्हणून: आयएनजीचा शब्द जेरंड आहे की प्रेझेंट पार्टिसिपल, असा प्रश्न. आजचे काही व्याकरणकार हा भेद मानायलाच तयार नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. पण उत्तरपत्रिका जुन्या व्याकरणाने तपासतात. शब्दाचं मराठी करून बघा. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिण्याचं पाणी, ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळतं पाणी. ‘ण्याचं’ आलं तर जेरंड, ‘तं’ किंवा ‘णारं’ आलं तर पार्टिसिपल. पाणी स्वतः पीत नाही, पण स्वतः उकळतं. ‘स्प्रेइंग पंप’ फवारणीचा, म्हणून जेरंड. ‘फ्लाइंग बर्ड’ उडता, म्हणून पार्टिसिपल. याच जुन्या व्याकरणाच्या चालीने जेरंडच्या आधी माणूस आला तर हिज, माय, युअर असं रूप बरोबर मानतात: ‘आय डोन्ट माइंड युअर कमिंग लेट’. बोलताना लोक ‘यू कमिंग’ म्हणतात आणि ते काही चूक नाही, पण पर्यायांत दोन्ही असतील तर ‘युअर’ला खूण करा.

अभ्यास असा करा. यादीची वही बाजूला ठेवा आणि नवी करा, एका पानावर एक क्रियापद. पानावर तीन वाक्यं, तिन्ही तुमच्या घरची, वावराची, कॉलेजची. वाक्य पूर्ण हवं, कारण लक्षात ठेवायचं आहे ते ‘अव्हॉइड’ नाही, ‘अव्हॉइड गोइंग’ आहे, दोन शब्द एका दमात. रोज पाच पानं पुरेत. दुसऱ्या दिवशी नवी पानं लिहायच्या आधी कालच्या पाचांची फक्त क्रियापदं वाचायची आणि पुढचं वाक्य तोंडाने, मोठ्याने म्हणायचं. अभ्यासिकेत मोठ्याने म्हणता येत नसेल तर घरी निंदणाला जाता-येता म्हणा. नुसतं डोळ्यांनी वाचलेलं ‘अव्हॉइड टू गो’ ओळखीचं वाटतं, तोंडाने म्हटलेलं खटकतं. पेपरात हे खटकणंच कामी येतं. २०२३च्या तलाठी भरतीत १००पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते, प्रत्येकी २ गुणांचे. एवढ्या प्रश्नांत नियम आठवत बसायला वेळ मिळत नाही.

आणि प्रश्न सोडवताना क्रम ठरवून घ्या. रिकाम्या जागेच्या आधी प्रेपोझिशन आहे का ते आधी बघा. असेल तर आयएनजी, पुढे विचार नको. टू असेल तर नामाची खूण लावा. दोन्ही नसेल तर मागच्या क्रियापदाचं पान आठवा. स्टॉप, रिमेंबर, ट्राय यांपैकी असेल तरच अर्थाकडे जा. बहुतेक मुलं उलट करतात, आधी अर्थ लावत बसतात आणि सोप्या प्रेपोझिशनच्या प्रश्नात अडकतात.

आता तुमची वाक्यं.

‘माय फादर सजेस्टेड मी टू ग्रो तूर.’ सजेस्टच्या पुढे माणूस आणि टू चालत नाही. ‘माय फादर सजेस्टेड ग्रोइंग तूर’ किंवा ‘सजेस्टेड दॅट आय शुड ग्रो तूर’. तुमचंच वाक्य राखायचं असेल तर क्रियापद बदला: ‘ॲडव्हाइज्ड मी टू ग्रो तूर’.

‘आय ॲम बिझी टू प्रिपेअर फॉर द एक्झाम.’ बिझीच्या पुढे सरळ आयएनजी, ‘बिझी प्रिपेअरिंग’. ‘वर्थ’ आणि ‘नो यूज’ याच घरातले: ‘द फोर्ट इज वर्थ सीइंग’, ‘इट इज नो यूज आर्ग्यूइंग’. ‘स्पेंड टाइम’, ‘हॅव डिफिकल्टी’ हेही तसेच.

‘द रोड नीड्स टू रिपेअर.’ असं म्हटलं तर रस्ताच दुसरं काही दुरुस्त करायला निघाला. ‘द रोड नीड्स रिपेअरिंग’ किंवा ‘नीड्स टू बी रिपेअर्ड’. कर्ता वस्तू असेल तर नीडच्या पुढचं आयएनजी आपोआप पॅसिव्हचा अर्थ देतं, वेगळं ‘बीइंग’ लावायचं नाही.

‘दे मेड अस टू वेट ॲट द जिनिंग.’ टू काढा, ‘मेड अस वेट’. शिवाय ‘जिनिंग’ हे काम झालं, जागा नाही. आपण बोलताना जिनिंगवर गेलो म्हणतो, इंग्रजीत ‘ॲट द जिनिंग मिल’ लिहा.

‘आय वेंट टू नागपूर फॉर गिव्हिंग द एक्झाम.’ हेतू आहे, म्हणून ‘टू’. पण नुसतं ‘टू गिव्ह’ करून थांबू नका. परीक्षा देणाऱ्याला इंग्रजीत ‘टेक’ लागतं, ‘गिव्ह’ परीक्षा घेणाऱ्याकडे जातं. भारतात सगळीकडे ‘गिव्ह’ ऐकू येत असलं तरी चूक शोधण्याच्या प्रश्नात ते चूक धरतात. ‘आय वेंट टू नागपूर टू टेक द एक्झाम.’